वेशीबाहेरचे टेकाड

फिनलंडमधल्या ताम्पेरे शहराच्या पश्चिम अंगाला, एका वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला, लाकडाच्या धगीवर तापणारा एक सार्वजनिक सौना आहे. त्याचे नाव रायापोर्त्ती. फिनिश भाषेत ‘राया’ म्हणजे हद्द आणि ‘पोर्त्ती’ म्हणजे दार. मराठीत दोन्ही मिळून एकच शब्द पुरतो, वेस. हेर्मान्नी आणि मारिया लाह्तिनेन या जोडप्याने १९०६ मध्ये हा सौना सुरू केला, तेव्हा शहराची हद्द इथेच संपत असे. पूर्वेला ताम्पेरे होते: आखीव रस्ते, कापडगिरण्या, नगरपालिकेचे बांधकामाचे नियम. पश्चिमेला पिर्क्काला नावाच्या ग्रामीण परगण्यातले पिस्पाला होते. एका अरुंद, उंच टेकाडावर माणसांनी आपल्या हातांनी, जमेल तिथे आणि जमेल तशी उभारलेली लाकडी घरे एवढेच त्याचे रूप. १९३७ मध्ये ही हद्द पुसली गेली आणि पिस्पाला शहरात आले. सौनाचे नाव मात्र कोणी बदलले नाही.

शहराच्या शेजारचे गाव शहरात विरघळून जाते, हा जगभरचा अनुभव आहे. नाव बसथांब्यावर उरते, जुन्या वाटेचा एखादा वाकडा तुकडा नव्या रस्त्यांत राहून जातो, बाकी सारे सपाट होते. पिस्पालाचे तसे झाले नाही. शहराच्या मध्यवर्ती चौकापासून ते जेमतेम अडीच किलोमीटरवर आहे, तरी तिथे पोचल्यावर शहर मागे पडल्यासारखे वाटते. रस्ते अचानक अरुंद होतात, वळतात, जिन्यांत उतरतात. घरे एकमेकांच्या डोक्यावर पाय ठेवून उभी असल्यासारखी दिसतात. हे असे का राहिले याचे अर्धे उत्तर भूगर्भात आहे आणि अर्धे त्या पुसलेल्या हद्दीत. म्हणून पिस्पालाचा इतिहास त्याच्या भूगोलापासून सुटा काढून सांगता येत नाही, आणि इथे आरंभ मातीपासूनच करायला हवा.

ताम्पेरे दोन सरोवरांच्या मधल्या पट्टीवर वसले आहे. उत्तरेला नॅसियॅर्वी, दक्षिणेला प्युहॅयॅर्वी. ‘यॅर्वी’ म्हणजे सरोवर. नॅसियॅर्वीचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ९५ मीटरवर आहे आणि प्युहॅयॅर्वीचे सुमारे ७७ मीटरवर. या अठरा मीटरांच्या फरकावर पुढे एक अख्खे औद्योगिक शहर उभे राहिले. दोन्ही सरोवरांच्या मधोमध पूर्व-पश्चिम पसरलेले टेकाड आहे, आणि पिस्पालापाशी ही पट्टी इतकी चिंचोळी होते की दोन्ही किनाऱ्यांत एक किलोमीटरही अंतर राहत नाही. माथ्यावर उभे राहिले की डावीकडे एक सरोवर, उजवीकडे दुसरे, आणि दोघांच्या पातळीतला फरक नुसत्या डोळ्यांना जाणवतो.

हे टेकाड खडकाचे नाही. ते वाळूचे आणि गोट्यांचे आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हिमयुग सरत आले, तेव्हा इथून माघार घेणाऱ्या बर्फाच्या थराखाली आणि त्याच्या कडेशी वितळलेल्या पाण्याचे जोरदार प्रवाह वाहत होते. त्यांनी सोबत आणलेली वाळू, खडी आणि गोटे टाकत टाकत एक लांबच लांब बांध रचला. बर्फ गेला, बांध उरला. भूशास्त्रात अशा टेकाडाला एस्कर म्हणतात, फिनिशमध्ये ‘हार्यू’. फिनलंडमध्ये असे बांध ठिकठिकाणी आढळतात, पण पिस्पाला आणि त्याला लागून असलेल्या प्यूनिक्कीचा हार्यू जगातल्या सर्वांत उंच बांधांत गणला जातो. त्याचा माथा प्युहॅयॅर्वीच्या पाण्यापासून सुमारे ऐंशी मीटर उंच आहे. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना ऐंशी मीटर म्हणजे काहीच नाही. पण फिनलंडचा हा भाग बहुतांशी सपाट, जंगलांनी आणि पाण्याने झाकलेला आहे. अशा प्रदेशात ऐंशी मीटर उंचीवरून दिसणारा आवाका विलक्षण असतो.

बर्फाच्या जाण्याने आणखी एक गोष्ट घडली. किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीच्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली जमीन ओझे उतरल्यावर हळूहळू वर येऊ लागली, आणि अजूनही येते आहे. ही उचल सगळीकडे सारखी नाही. वायव्येकडची किनारपट्टी जास्त वेगाने वर येते, आतला भाग कमी. त्यामुळे सगळा प्रदेश तिरपा होत गेला. नॅसियॅर्वीचे पाणी पूर्वी वायव्येकडे, बोथ्नियाच्या आखाताच्या दिशेने वाहून जाई. तिकडचा काठ उंचावत गेला तसे पाणी दक्षिणेच्या टोकाला साचत राहिले, आणि सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी त्याने वाळूच्या बांधातली कमकुवत जागा शोधून ती फोडली. त्या खिंडारातून ताम्मेरकोस्की हा धबधबता प्रवाह जन्माला आला. खिंडाराच्या पश्चिमेला उरलेल्या बांधावरच प्यूनिक्की आणि पिस्पाला वसलेले आहेत.

या मातीचे स्वभाव पिस्पालाच्या पुढच्या सगळ्या गोष्टींत डोकावतात. वाळू-खड्यांत पाणी थांबत नाही. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी थेट खाली झिरपते, गाळले जाते आणि दक्षिणेच्या पायथ्याशी ताहमेला इथे झऱ्याच्या रूपाने वर येते. म्हणजे माथ्यावर कोरडे आणि तळाशी पाण्याचा सुकाळ. नळ नव्हते तेव्हा वर राहणाऱ्यांना पाणी चढ चढूनच आणावे लागे. शिवाय उतार दोन स्वभावांचे. दक्षिणेचा प्युहॅयॅर्वीकडे तोंड करून उभा, उन्हाने शेकलेला, सफरचंदाची झाडे आणि भाज्या जगवणारा. उत्तरेचा तीव्र, सावलीतला, नॅसियॅर्वीवरून येणारा गार वारा झेलणारा. ताम्पेरे साडेएकसष्ट अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यात तिथे सूर्य जेमतेम साडेपाच तास क्षितिजावर असतो आणि तोही खाली रेंगाळत. अशा ठिकाणी घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर हिवाळ्याचे बरेचसे सुखदुःख ठरते.

जुने पिस्पाला छोटेसे शेतकरी खेडे होते. त्याच्या नावाचा संबंध ‘पीस्पा’ या शब्दाशी लावतात. पीस्पा म्हणजे बिशप. मध्ययुगात फिनलंड स्वीडनच्या राज्यात होते आणि चर्चचा कारभार तुर्कूच्या बिशपाकडून चाले, त्या काळाची ही खूण असावी असे मानले जाते. पिर्क्काला परगण्याला त्याहूनही मोठा लौकिक होता. तिथले ‘पिर्क्कालाइसेत’ नावाचे व्यापारी मध्ययुगात पार उत्तरेला जाऊन सामी लोकांशी फरचा व्यापार करत आणि त्यांच्याकडून कर वसूल करत. या सगळ्यात पिस्पालाचा वाटा लहानच होता. शेतीला सपाट जमीन पायथ्याशी थोडीशी, वर वाळू आणि पाइनची झाडे. इतिहासाने या खेड्याकडे विशेष लक्ष द्यावे असे काही नव्हते.

मग शेजारी शहर आले.

स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने १७७९ मध्ये ताम्मेरकोस्कीच्या काठी ताम्पेरेची स्थापना केली. तीस वर्षांनी, १८०९ मध्ये, फिनलंड रशियाच्या झारकडे गेले. सेंट पीटर्सबर्गहून आलेल्या जेम्स फिनलेसन या स्कॉटिश यंत्रज्ञाने १८२० मध्ये त्या प्रवाहाच्या काठी कारखाना काढला. पुढच्याच वर्षी झार पहिला अलेक्झांडर याने शहराला करसवलती दिल्या आणि त्या १९०५ पर्यंत चालू राहिल्या. अठरा मीटर कोसळणारे पाणी आणि जकातमुक्त कच्चा माल हे दोन्ही एकत्र आल्यावर जे व्हायचे ते झाले. फिनलेसनच्या नावाने चालणारी कापडगिरणी उत्तर युरोपातल्या अतिविशाल कारखान्यांपैकी एक बनली. १८८२ मध्ये तिच्या विणकामाच्या दालनात विजेचे दिवे लागले, आणि ते त्या भागातल्या पहिल्या दिव्यांपैकी होते. गिरणीच्या आसपास लोकर, कागद, यंत्रे यांचे कारखाने उभे राहिले. १८७६ मध्ये रेल्वे आली. १९०० साली शहराची लोकसंख्या सुमारे ३६ हजार झाली होती. लोक आजही ताम्पेरेला लाडाने ‘मान्से’ म्हणतात. मँचेस्टरच्या नावावरून पडलेले हे नाव आहे.

या कारखान्यांत राबणारी माणसे खेड्यांतून येत होती. त्यांना राहायला जागा हवी होती. शहराने हद्दीच्या आत त्यांच्यासाठी अमुरी हा भाग आखून दिला. सैबेरियातल्या अमूर नदीचा प्रदेश नुकताच रशियाने घेतला होता आणि तो जितका दूर, तितकाच हा भागही गावाबाहेर, अशा अर्थाने हे नाव पडल्याचे सांगतात. अमुरीची रचना शिस्तीची होती. सरळ रस्ते, लाकडी बैठी घरे, आणि अनेक ठिकाणी चार कुटुंबांत मिळून एक सामाईक स्वयंपाकघर. चार खोल्या, चार बिऱ्हाडे, मधोमध एक चूल. कोणाची भाकरी आधी भाजायची यावरून काय काय होत असेल, हे कल्पनेवर सोडलेले बरे.

ज्यांना हे नको होते, किंवा ज्यांना हेही परवडत नव्हते, ते वेशीबाहेर गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पिस्पालाच्या जमीनमालकांनी टेकाडावरचे तुकडे आधी भाडेपट्ट्याने आणि नंतर विकतही द्यायला सुरुवात केली. शेतीच्या दृष्टीने त्या वाळूला किंमत नव्हतीच. घराच्या दृष्टीने मात्र होती, कारण तिथे शहराचा नकाशा लागू नव्हता. किती उंच बांधायचे, रस्त्यापासून किती आत, भिंत कशाची, आगीच्या भीतीने दोन घरांत किती अंतर ठेवायचे, यांतले काहीच विचारायला कोणी येत नव्हते. कामगार दिवसभर गिरणीत राबून संध्याकाळी आपल्या तुकड्यावर परतत आणि ओंडके रचत. फिनलंडच्या उन्हाळ्यात जूनच्या रात्री जवळजवळ उजेडच असतो. ही घरे त्या लांबलेल्या संध्याकाळींत उभी राहिली. आधी एक खोली, पैसे साठले की दुसरी, मग वर माडी, मग भाडेकरूंसाठी खालच्या बाजूला चुलीची एक एक खोली. उतारामुळे एकच घर वरच्या वाटेवरून बैठे आणि खालच्या वाटेवरून तीनमजली दिसू लागले. वाटा कोणी आखल्या नाहीत. पायांनी ज्या सोयीच्या मानल्या त्याच वाटा झाल्या, आणि जिथे पाय घसरू लागला तिथे जिना आला.

पिस्पालाला झोपडपट्टी म्हणणाऱ्यांना इथे थांबवावेसे वाटते. दारिद्र्य होते, दाटी होती, सांडपाण्याची सोय नव्हती, आग लागली तर बंब वर चढवायला रस्ता नव्हता. पण इथला बहुतेक माणूस स्वतःच्या घराचा सुतार होता, आणि अनेकदा मालकही. अमुरीत कामगाराला घर मिळत होते. पिस्पालात तो घर करत होता. हा फरक माणसाच्या कण्यात उतरतो, आणि पुढे या वस्तीने जो हट्टी स्वभाव दाखवला त्याचे मूळ इथेच आहे.

टेकाड ओलांडून जाणारे आणखी एक विश्व होते, लाकडाचे. उत्तरेच्या जंगलांतून तोडलेले ओंडके नॅसियॅर्वीवरून तरंगत येत. ते पुढे प्युहॅयॅर्वीत न्यायचे, तर ताम्मेरकोस्कीच्या प्रवाहावर कारखान्यांची धरणे होती. म्हणून ओंडके पिस्पालाचे टेकाड ओलांडून पलीकडे नेण्याची यंत्रणा उभारली गेली आणि पुढे त्यासाठी टेकाडाच्या पोटातून बोगदाही खोदला गेला. उत्तरेच्या पायथ्याशी सान्तालाह्ती इथे कारखाने होते, काड्यापेट्यांचाही एक. १८९५ मध्ये पोरी बंदराकडे जाणारा लोहमार्ग त्याच किनाऱ्याने गेला. शिशाच्या गोळ्या पाडण्याचा मनोराही पिस्पालात उभा आहे. वितळलेले शिसे उंचावरून थेंबाथेंबाने सोडले की खाली पडेपर्यंत प्रत्येक थेंब आपोआप गोल होतो. पिस्पालाकडे फुकटची उंची होती आणि तिचाही कोणीतरी उपयोग करून घेतला.

१९१७ च्या डिसेंबरमध्ये फिनलंड स्वतंत्र झाले आणि अवघ्या दोन महिन्यांत यादवी युद्धात लोटले गेले. एका बाजूला कामगार आणि भूमिहीनांचे ‘लाल’, दुसऱ्या बाजूला जनरल मानरहाइम यांच्या नेतृत्वाखालचे ‘पांढरे’. ताम्पेरे हा लालांचा बालेकिल्ला होता. मार्च १९१८ मध्ये पांढऱ्या सैन्याने शहराला वेढा घातला आणि नॉर्डिक देशांच्या इतिहासात तोवर न झालेली मोठी शहरी लढाई इथे झाली. घराघरांतून लढत लाल सैनिक पश्चिमेकडे रेटले गेले, आधी प्यूनिक्कीत, मग पिस्पालात. टेकाडाच्या पुढे फक्त पाणी होते, आणि ते गोठलेले होते. शेवटच्या रात्री काही जण प्युहॅयॅर्वीच्या बर्फावरून पलीकडे निसटले. उरलेल्यांनी ६ एप्रिलच्या सकाळी पिस्पालात शस्त्रे खाली ठेवली. सुमारे अकरा हजार माणसे कैद झाली. त्यांतल्या कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याहून कितीतरी जास्त नंतरच्या महिन्यांत छावण्यांत भूक आणि रोगराईने गेली. तीस-बत्तीस लाखांच्या या देशात तेवढ्या काळात सुमारे ३८ हजार माणसे मेली.

अशा घटनेनंतर एखाद्या वस्तीत काय उरते? विधवा, अनाथ मुले, घरी न परतलेल्यांच्या रिकाम्या जागा, आणि गप्प बसण्याची सवय. पिस्पालातल्या घराघरांत ही आठवण दोन पिढ्या पुरली. कामगार संघटना, त्यांची सभागृहे, खेळाचे संघ, सहकारी दुकाने यांना इथे जे बळ मिळाले त्याच्या मागे ती आठवण होती. १९१९ ते १९३२ या दारूबंदीच्या काळात इथल्या वाकड्या वाटांनी चोरटी दारूही चालली, आणि पिस्पालाचे नाव शहरातल्या सभ्य घरांत नाक मुरडून घेतले जाऊ लागले. वेशीबाहेरची वस्ती म्हटली की हा शिक्का बसतोच.

मात्र वेशीबाहेर असण्याचे तोटे रोजच्या जगण्यात जास्त जाणवत. पिस्पालातला माणूस शहराच्या गिरणीत राबे, शहराच्या बाजारात खर्च करे. त्याची शाळा, रस्ता, पाणी आणि गरिबांना द्यायची मदत हे सगळे मात्र ग्रामीण परगण्याच्या डोक्यावर. १९२२ मध्ये पिर्क्कालाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि पिस्पाला उत्तर पिर्क्कालात गेले. शहर आणि परगणा यांच्यातला हा प्रश्न १९३७ मध्ये सुटला, पिस्पाला ताम्पेरेत आले. उत्तर पिर्क्कालाचा जो भाग मागे राहिला त्याला त्याच सुमारास त्यातल्या मोठ्या औद्योगिक वस्तीचे नाव मिळाले: नोकिया. होय, तेच. ज्या कंपनीचा मोबाइल फोन एके काळी मराठी घराघरांत वाजत असे, तिचे नाव याच गावावरून आले आहे. फ्रेडरिक इडेस्टाम यांनी १८६५ मध्ये पहिली लगद्याची गिरणी ताम्पेरेतच ताम्मेरकोस्कीच्या काठी काढली होती, दुसरी नोकियाला, आणि १८७१ मध्ये कंपनीने त्या गावाचे नाव घेतले. एकाच जुन्या परगण्याच्या दोन तुकड्यांपैकी एकाचे नाव जगभर गेले आणि दुसरा स्वतःच्या टेकाडावर बसून राहिला.

बसून राहिला, पण मुका नाही. पिस्पालाला त्याचा लेखक मिळाला आणि तो टेकाडावरच जन्मलेला होता. लाउरी वीता (१९१६–१९६५) हा सुताराचा मुलगा. तो स्वतःही सुतारकाम करत असे. १९४७ मध्ये त्याचा पहिला कवितासंग्रह आला, ‘बेतोनिम्युल्लॅरी’, म्हणजे काँक्रीट कालवणारा. तीन वर्षांनी आलेल्या कादंबरीला त्याने ‘मोरेनी’ हे नाव दिले. मोरेन म्हणजे हिमनदीने ओढून आणून टाकलेला दगडमातीचा ढिगारा. भूशास्त्रज्ञ कदाचित हरकत घेतील, कारण मोरेनमध्ये लहानमोठे दगड आणि माती सरमिसळ असतात, तर पिस्पालाचे टेकाड वाहत्या पाण्याने निवडून रचलेले आहे. पण कादंबरी माणसांची आहे. ठिकठिकाणच्या खेड्यांतून ओढून आणलेली, एकमेकांवर रचलेली, लहानमोठी, सरमिसळ माणसे. त्या अर्थाने शीर्षक अचूक आहे. सुतार बाप, त्याने बांधलेले घर, यादवी युद्धाची सावली, आणि वाढती वस्ती हा तिचा ऐवज. पिस्पालाबद्दल एकच पुस्तक वाचायचे असेल तर ते हे, यात शंका नाही. ताम्पेरेच्या ग्रंथालयात जमणाऱ्या तरुण लेखकांच्या मंडळात वीताबरोबर वाइनो लिन्नाही असे. तो फिनलेसन गिरणीतला कामगार. १९५४ मध्ये त्याच्या युद्धकादंबरीने, ‘अज्ञात सैनिका’ने, अख्खा देश हलवला.

पुढच्या पिढीत हान्नू सालामा आला. तो जन्मला दुसरीकडे, वाढला पिस्पालात. १९६४ मधल्या त्याच्या ‘युहान्नुस्तान्स्सित’ या कादंबरीवर ईशनिंदेचा खटला भरला गेला, तो दोषी ठरला आणि अखेर राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांनी त्याला माफी दिली. १९७२ मध्ये त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गुप्तपणे काम करणाऱ्या पिस्पालातल्या साम्यवाद्यांवर मोठी कादंबरी लिहिली. तिला १९७५ मध्ये नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार मिळाला. वीताच्या लेखनात टेकाडावरची माणसे घर बांधतात. सालामाच्या लेखनात ती एकमेकांना पारखतात, लपवतात, कधी दगा देतात. दोन्ही वाचल्याशिवाय पिस्पाला पुरते कळत नाही.

शहरात आल्यावर पिस्पालाला सर्वांत मोठा धोका शहराकडूनच निर्माण झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फिनलंड झपाट्याने बदलले. १९६० आणि १९७० च्या दशकांत जुनी लाकडी घरे पाडून काँक्रीटच्या इमारती उभारणे हीच प्रगती मानली गेली. शिस्तीने आखलेले अमुरी त्या लाटेत जवळजवळ पूर्ण गेले. आज तिथे उंच इमारती आहेत आणि जुन्या घरांचा एक चौक कामगार-वसतीचे संग्रहालय म्हणून जपला आहे. पिस्पालासाठीही तसेच विचार सुरू होते. पण इथे आखीव भूखंड नव्हते, सरळ रस्ते नव्हते, आणि मालक एक-दोन नसून शेकडो होते, त्यांतले बरेचसे स्वतःच्या हाताने बांधलेल्या घरात राहणारे. बुलडोझरला चढ आणि कागदपत्रे दोन्ही अवघड गेली. रहिवाशांनी विरोध केला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या विकास आराखड्याने घरांची जुनी वीण बऱ्याच अंशी टिकवण्याची दिशा घेतली, आणि आज पिस्पालाची नोंद राष्ट्रीय महत्त्वाच्या बांधीव वारशात आहे. ज्या नियमांच्या अभावाला एके काळी बेबंदपणा म्हटले गेले, त्याच अभावातून आलेली रचना आता नियमांनी राखली जाते.

रायापोर्त्तीचीही तीच गोष्ट. घरोघरी न्हाणीघरे आली तसे फिनलंडच्या शहरांतले सार्वजनिक सौना एकामागून एक बंद पडले. हाही पडण्याच्या बेतात होता. रहिवासी एकत्र आले, त्यांनी सौना-संस्था स्थापन केली आणि १९८९ पासून तीच तो चालवते. अजूनही चालू असलेला फिनलंडमधला सर्वांत जुना सार्वजनिक सौना म्हणून आज तो ओळखला जातो. पुरुषांची आणि बायकांची खोली वेगळी, अंगण एकच. दगडांची मोठी भट्टी लाकडावर तापवून ठेवायची, मग त्या दगडांवर पाणी टाकायचे. उठणाऱ्या वाफेला फिनिशमध्ये ‘लोय्ल्यू’ म्हणतात. या शब्दाचा हंगेरियन भाषेतला भाऊबंद शब्द ‘आत्मा’ या अर्थाने वापरला जातो, त्यामुळे सौनातली वाफ हा केवळ अंग शेकण्याचा मामला नाही हे भाषेनेच सांगून ठेवले आहे. २०२० मध्ये युनेस्कोने फिनिश सौना-संस्कृतीला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

आजच्या पिस्पालाबद्दल लिहिताना मन थोडे धास्तावते. जे टेकाड कोणाला नको होते, तिथली घरे आता ताम्पेरेतल्या सर्वांत महागड्या घरांत मोडतात. दोन सरोवरांचे दृश्य आता विकले जाते. जुनी छोटी घरे पाडून किंवा वाढवून त्या जागी काचेच्या मोठ्या भिंतींची घरे येतात, आणि वरच्याने भिंत उंचावली की त्याच्या मागच्याचे सरोवर नाहीसे होते. सान्तालाह्तीच्या जुन्या कारखान्यांच्या जागी बहुमजली इमारती झाल्या आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेली शहराची ट्राम २०२३ पासून त्या किनाऱ्यापर्यंत येते. दुसरीकडे, एका जुन्या लाकडी घरात कलाकारांनी ‘हिर्वितालो’ नावाचे समकालीन कलाकेंद्र चालवले आहे. १९७० मध्ये सुरू झालेला ‘पिस्पालान सोत्तीसी’ हा लोकनृत्यांचा महोत्सव वस्तीचे नाव मिरवतो. ताहमेलाच्या उतारावर रहिवासी भाज्यांचे वाफे लावतात. गिरणीकामगारांच्या पणतवंडांना इथे घर घेणे परवडते का, हा प्रश्न मात्र या कशाने मिटत नाही, आणि पिस्पालाच्या आजच्या वादांच्या मुळाशी तोच आहे.

पिस्पाला प्रत्यक्ष पाहायचे झाले तर पूर्वेकडून यावे. प्यूनिक्कीच्या पाइनच्या जंगलातून चालत, १९२९ मध्ये बांधलेल्या सव्वीस मीटर उंचीच्या दगडी मनोऱ्यावर चढून एकदा सगळा आवाका डोळ्यांत साठवावा. टेकाड एकच आहे. शहराच्या हद्दीत होता तो भाग जंगल म्हणून राखला गेला, हद्दीबाहेरचा घरांनी भरला. वरून झाडांचा हिरवा जिथे संपतो आणि छपरांचे रंग जिथे सुरू होतात, तिथे जुनी हद्द अजून दिसते. मग खाली उतरून रायापोर्त्तीवरून पुढे जावे, माथ्यावरच्या रस्त्याने काही अंतर चालावे आणि डावीकडचा कोणताही जिना धरावा. पायऱ्या संपता संपता घरे मागे राहतात, मातीचा वास बदलतो, आणि ताहमेलाच्या झऱ्यापाशी, वर कुठेतरी मुरलेले पाणी वाळूतून वर येताना दिसते.